भ्रूणशस्त्रक्रिया की गर्भशस्त्रक्रिया?

भाषांतर करणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: ‘बाळ आईच्या पोटात असतानाच त्याच्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या संशोधनाविषयीचा लेख मराठीत आणते आहे. भ्रूणशस्त्रक्रिया लिहू, गर्भशस्त्रक्रिया लिहू, की गर्भाशयातील शस्त्रक्रिया? आणि जन्मदोष हा शब्द चालेल का?’

माझं उत्तर आधी सांगते, कारणं मागून. ‘गर्भशस्त्रक्रिया’ लिहा. सर्वसामान्य वाचकासाठी पहिल्या उल्लेखात ‘पोटातल्या बाळावरची शस्त्रक्रिया’ असं फोड करून सांगा, मग पुढे छोटा शब्द वापरा. ‘जन्मदोष’ मात्र टाळा.

‘भ्रूण’ का नको? वैद्यकात गर्भधारणेपासूनचे पहिले आठ आठवडे भ्रूणावस्था मानतात. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून दिवस मोजतात, त्या हिशेबाने दहा आठवडे. या काळात अवयवांची मूळ घडण होते, त्यानंतर जो वाढतो तो गर्भ. आता या शस्त्रक्रिया केव्हा होतात ते पाहा. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांमध्ये रक्ताची वाटणी बिघडली तर लेसरने वारेवरच्या रक्तवाहिन्या बंद करतात, ते साधारण सोळाव्या आठवड्यापासून पुढे. पाठीचा कणा उघडा राहिला असेल तर तो झाकतात एकोणीस ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान. म्हणजे चाकू, सुई किंवा लेसर पोहोचतो तेव्हा भ्रूण हा टप्पा केव्हाच मागे पडलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, मग ‘स्त्रीभ्रूणहत्या’ कशी रूढ झाली? तिथेही गर्भ भ्रूणावस्थेच्या पुढेच गेलेला असतो. खरं आहे. तो शब्द कायद्याच्या आणि चळवळीच्या भाषेत इतका रुजला आहे की आता त्याला हात लावू नये. पण भ्रूण शब्दाला हत्येची सोबत त्याहून फार जुनी आहे. संस्कृतात ‘भ्रूणहन्’ हे महापातक्याचं नाव होतं. ज्या आईबापांना बाळाला वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया सुचवली आहे, त्यांच्या हातातल्या कागदावर हा शब्द यावा असं मला वाटत नाही. आठ आठवड्यांच्या हिशेबाइतकंच वजन मी या कारणाला देते.

‘गर्भाशयातील शस्त्रक्रिया’ हा पर्याय लगेच बाजूला ठेवता येतो. तो वाचून कुणालाही ‘पिशवीचं ऑपरेशन’ आठवेल: गाठ काढली, पिशवी काढली. बाळाचा त्यात पत्ताच नाही.

राहिला ‘गर्भ’, आणि इथे खरी मौज आहे. ‘तिला गर्भ राहिला’, ‘गर्भ वाढतो आहे’ यांत गर्भ म्हणजे बाळ. ‘गर्भात असताना’ म्हणतो तेव्हा गर्भ म्हणजे आईचं उदर. धारण करणारं आणि धारण केलेलं, दोन्हींना एकच शब्द. सुश्रुतसंहितेत बाळ अडून राहिल्याच्या अवस्थेला ‘मूढगर्भ’ म्हटलं आहे आणि तो कसा काढावा याची चिकित्साही दिली आहे, म्हणजे शल्यतंत्राच्या भाषेत हा शब्द नवखा नाही. परिभाषा घडवणाऱ्यांना असा दुहेरी अर्थ खटकतो, एका शब्दाला एकच अर्थ हवा असतो त्यांना. या शस्त्रक्रियेपुरतं मात्र मला हे दुहेरीपण फार मोलाचं वाटतं, कारण ही शस्त्रक्रिया होते ती दोन देहांवर.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नव्हे. 1981 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रमार्ग अडलेल्या गर्भावर पहिली खुली शस्त्रक्रिया केली. खुली म्हणजे आईचं पोट उघडायचं, गर्भाशय उघडायचं, गर्भावर काम करायचं आणि सगळं पुन्हा शिवून गर्भारपण पुढे चालू ठेवायचं. पुढे उघड्या कण्यासाठी अमेरिकेत तीन केंद्रांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. निम्म्या बाळांची शस्त्रक्रिया पोटात असतानाच करायची, निम्म्यांची जन्मानंतर, अशी ती चाचणी. पोटात शस्त्रक्रियेचा फायदा इतका स्पष्ट दिसला की 200 जणींची भरती ठरलेली असताना 183 वरच ती थांबवली. मेंदूत साठणारं पाणी काढायला नळी बसवावी लागण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात 82 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आलं. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं 21 टक्क्यांऐवजी 42 टक्के होती.

आता त्याच चाचणीची आईकडची बाजू. पोटात शस्त्रक्रिया झालेल्यांची प्रसूती सरासरी 34 आठवड्यांच्या सुमारास झाली, दुसऱ्या गटात 37 च्या पुढे. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या गर्भाशयावरचा व्रण फार पातळ झालेला किंवा उसवलेला आढळला. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात तो व्रण धोक्याचा, म्हणून पुढची बाळंतपणंही सिझेरियननेच करायची. तेव्हा लेखात ‘बाळावर शस्त्रक्रिया केली’ एवढंच वाक्य ठेवलं तर आई वाक्यातून गळून पडते. ताई, तुमच्या भाषांतरात निदान एकदा तरी ‘आईवर आणि गर्भावर’ असा जोड उल्लेख येऊ द्या. संमतीपत्राच्या मराठीत तर तो हवाच हवा.

शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, ‘शस्त्रक्रिये’कडे, वळू. या क्षेत्राची सुरुवात चाकूने नव्हे, सुईने झाली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे विल्यम लायली यांनी 1963 मध्ये आईच्या पोटातून सुई घालून गर्भाच्या उदरपोकळीत रक्त सोडलं. आईच्या आणि बाळाच्या रक्तातला आरएच घटक न जुळल्यामुळे बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट होत होत्या, त्यावरचा तो उपाय. याला शस्त्रक्रिया म्हणवत नाही. अशा सर्व उपायांना मिळून ‘गर्भोपचार’ म्हणावं, त्यात औषधं आली, रक्त देणं आलं आणि शस्त्रक्रियाही आली. दुर्बिणीतून केलेल्या कामाला ‘दुर्बिणीद्वारे गर्भशस्त्रक्रिया’. लॅप्रोस्कोपीमुळे ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ घराघरांत पोहोचलं आहे, त्यामुळे कुणी अडखळणार नाही. एक सूचना: लेसरने जुळ्यांमधल्या रक्तवाहिन्या बंद करतात त्या वारेवरच्या, बाळाच्या अंगाला तिथे कुणी हात लावत नाही. त्या वाक्यात ‘गर्भावर शस्त्रक्रिया’ न लिहिता ‘वारेवर लेसर उपचार’ लिहिणं अचूक.

‘जन्मदोष’ शब्दरचनेने चूक नाही, पण कोरडं शब्दशः भाषांतर आहे, आणि ‘दोष’ म्हटलं की कुणाचा, हा प्रश्न मागोमाग येतो. उत्तर बहुतेक वेळा आईकडे बोट दाखवून दिलं जातं. शिवाय ज्या बाळाचा अजून जन्मच व्हायचा आहे त्याच्या बाबतीत ‘जन्म’ आणि ‘जन्मजात’ दोन्ही विचित्र वाटतात. ‘व्यंग’ हा आपला रुळलेला शब्द, पण तो दिसणाऱ्या उणिवेला शोभतो: दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, भोक पडून आतडी छातीत शिरली आहेत आणि फुप्फुसांना वाढायला जागा नाही, याला व्यंग म्हणायला जीभ वळत नाही. मी ‘गर्भाच्या घडणीतला बिघाड’ किंवा थोडक्यात ‘घडणदोष’ सुचवेन. दोष तिथेही आहेच, पण तो घडणीला चिकटतो, माणसाला किंवा जन्माला नाही. ‘विकृती’ वैद्यकीय ग्रंथांत राहू द्या, आईबापांशी बोलताना तो शब्द फार बोचतो.

क्रियापदांकडेही लक्ष द्या, मला तर त्यांची काळजी नामांपेक्षा जास्त वाटते. ‘कणा बरा केला’ असं वाक्य मसुद्यात असेल तर बदला. उघड्या मज्जारज्जूला दुहेरी इजा होते, आधी त्याची घडणच अपुरी राहते आणि मग आठवडेच्या आठवडे गर्भजलाचा मारा सोसावा लागतो. शस्त्रक्रिया ही दुसरी इजा थांबवते, पहिली पुसत नाही. म्हणून ‘उघडा भाग शिवून झाकला’ हेच खरं. तसंच ‘यशस्वी’. श्वासपटलाच्या गंभीर बिघाडात गर्भाच्या श्वासनळीत छोटा फुगा बसवतात, आतलं द्रव साठून फुप्फुसं वाढावीत म्हणून, आणि चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास तो काढतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी बाळं वाचून घरी जाण्याचं प्रमाण 15 वरून 40 टक्के झालं. ही मोठीच मजल आहे. पण शंभरातली साठ बाळं तरीही गेली, आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचं प्रमाण 29 टक्क्यांवरून 75 वर चढलं. इथे ‘यशस्वी’ न लिहिता आकडे लिहा, दोन्ही बाजूंचे.

आणखी एक अडचण तुम्हाला पुढे येईलच, म्हणून आताच सांगते. बाळाच्या मानेवर मोठी गाठ असेल आणि श्वासमार्ग दबला असेल, तर सिझेरियन करून डोकं-खांदे बाहेर घेतात, नाळ मात्र कापत नाहीत. वारेतून प्राणवायू मिळत असतो, तेवढ्या अवधीत श्वासनळीत नळी बसवतात आणि मग नाळ कापतात. या घडीला तो गर्भ आहे की नवजात बालक? दोन्ही शब्द अपुरे पडतात. इथे मी कोशात बसेल असा जोडशब्द घडवण्याच्या फंदात पडत नाही. ‘नाळ न कापता केलेली शस्त्रक्रिया’ असं सरळ लिहा. नेमकं काय घडतं ते त्यातच सांगून होतं, आणि सुईणीपासून सर्जनपर्यंत सर्वांना ते कळतं.