रडार डिटेक्टर नवाच घेतलाय? आधी एवढं करा

रडार डिटेक्टर म्हणजे पोलिसांचं वेग मोजणारं रडार जवळ आलं की वाजणारं गाडीतलं यंत्र. अमेरिकेत खासगी गाडीत डिटेक्टर बहुतेक ठिकाणी चालतो. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत मात्र बंदी आहे, आंतरराज्य व्यावसायिक ट्रकना तर सगळीकडेच. पोलिसांचं रडार निकामी करणाऱ्या जॅमरच्या वाटेला जाऊच नका. रडार जॅमर देशभर बेकायदा आहे.

- काचेवर उंच आणि सरळ लावा, समोर आरसा किंवा वायपर नको. धातूचा थर असलेल्या काचेतून सिग्नल नीट येत नाही. कॅलिफोर्नियात काचेवर लावायच्या जागेचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघा.
- के बँड (रडार लहरींचा एक पट्टा, २४ गिगाहर्ट्झ) उगाच फार वाजतो: शेजारच्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर, दुकानाचे आपोआप उघडणारे दरवाजे. वैतागून मशीनच बंद करू नका, डिटेक्टरच्या सेटिंगमधला फिल्टर लावा. केए बँड (३३.८, ३४.७, ३५.५ गिगाहर्ट्झ) वाजला तर बहुधा पोलीसच.
- वाजताच करकचून ब्रेक मारणं ही नवख्यांची हमखास चूक. मागचा येऊन आदळेल. आरशात बघा, पाय उचला.

पोलिसांच्या लेझर गनचं वेगळंच. किरण इतका अरुंद असतो की तुमचा डिटेक्टर वाजेपर्यंत वेग मोजून झालेला असतो. ट्रिगर दाबल्यावरच चालू होणाऱ्या रडारचंही तेच, पुढे दुसरी गाडी नसेल तर. फ्रिक्वेन्सी सेगमेंटच्या (बँडचे तुकडे पाडून हवे तेवढेच चालू ठेवायच्या) भानगडीत आत्ताच पडू नका.