क्लासचे सर म्हणाले, हिला कानच नाही

"गाण्याच्या क्लासचे सर म्हणतात, हिला सुराचा कानच नाही, उगाच फी भरू नका. काही मुलांना जन्मतःच संगीत कळत नाही, असं असतं का?" हा प्रश्न पालक मला वरचेवर विचारतात. त्यांतल्याच एका आठ वर्षांच्या मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आईच्या मनात वेगळीच टोचणी होती. "गरोदरपणी मी गाणी ऐकली नाहीत, त्यामुळे झालं का हो?" पोटातलं बाळ साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज ऐकू लागतं, हे खरं. पण त्याच्यापर्यंत सगळ्यात चांगला पोचतो तो आईचा बोलण्याचा आवाज, आणि तो हिलाही मिळालाच होता.

आधी मी श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितली. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहिलं तर मुलांना कमी ऐकू येतं, आणि हे कमी-जास्त होत राहिल्याने घरच्यांच्या लक्षात येत नाही. हिची चाचणी व्यवस्थित आली.

पुढच्या भेटीत मी पेटीवर गणपतीची आरती वाजवली, शब्दांशिवाय. दुसऱ्या सुरालाच तिने ओळखली. मग एक स्वर मुद्दाम चुकवला. "अय्या, चुकलं!" नंतर शुद्ध गंधाराच्या जागी कोमल लावला, तोही तिने पकडला.

म्हणजे कान शाबूत होता. सूर खरोखरच न कळणारी माणसं असतात. मॉन्ट्रियलच्या संगीत-मेंदू संशोधक इझाबेल पेरेत्झ यांनी त्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. शब्द काढून घेतले तर रोजची चालही त्यांना ओळखता येत नाही. पूर्वी त्यांचं प्रमाण शंभरात चार धरत, 2017 च्या मोठ्या पाहणीत ते दीडच्या आसपास निघालं. बेसूर गाणारे बहुतेक जण त्यांत मोडत नाहीत. त्यांना ऐकू नीट येतं. गळा त्या सुरावर नेऊन ठेवणं जमत नसतं. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं सरावाने येतं.

हिची अडचण पट्टीत, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा त्यात, होती. सर पेटीच्या काळी एकमध्ये, पुरुषी आवाजात सा लावत. तोच सूर आपल्या गळ्यात वरच्या सप्तकात घ्यायचा असतो, हे लहान मुलांना आपोआप कळत नाही. ती सरांच्या मागे खाली उतरायला जाई आणि आवाज घसरे. मी उलट केलं. "तुला येईल तो आऽ लाव," म्हटलं, आणि तो सूर पेटीवर शोधून तिच्याबरोबर धरला. आपला आवाज पेटीत मिसळतो आहे हे जाणवल्यावर तिचा चेहरा उजळला. मग शेजारचा सूर, मग त्याच्या शेजारचा.

कान आयुष्याच्या सुरुवातीपासून कामाला लागलेला असतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बाळांना आग्नेय युरोपातल्या बाल्कन प्रदेशातल्या सात मात्रांच्या चाली ऐकवल्या. या ठेक्यातला बिघाड एक वर्षाच्या बाळांना ओळखू येईना, पण दोन आठवडे घरी रोज थोडं तसं संगीत ऐकल्यावर तो येऊ लागला. मोठ्यांचा कान मात्र तेवढ्याने वळला नाही. आपल्याकडचं मूल सात मात्रांचा रूपक ताल ऐकतच मोठं होतं, म्हणून सातचा ठेका त्याला अवघड वाटत नाही. कान घडतो तो असा, घरातल्या ऐकण्यातून.

माझ्याकडे चाळिशीतली माणसंही येतात, ज्यांना शाळेत समूहगीताच्या वेळी "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं होतं. ती पुन्हा कधी गायलीच नाहीत. याचा मला फार राग येतो. आठ वर्षांच्या गळ्याबद्दल निकाल देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

त्या मुलीला आईने तिच्या पट्टीत शिकवणाऱ्या बाईंकडे घातलं. आता ती घरच्या आरतीत मोठ्याने गाते. एखादा वरचा स्वर अजून निसटतो. तुमच्या मुलाला शब्दांशिवाय एकही ओळखीची चाल ओळखता येत नसेल, किंवा हाक दोनदा मारावी लागत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. नाहीतर त्याची पट्टी शोधा.