मसल कार पेस कार म्हणून का आल्या, आणि १९७१ साली काय घडलं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या पेस कारसाठी मस्टँग, कमॅरो, चॅलेंजर अशा मोठ्या ताकदीच्या मसल कार का निवडायचे? तेवढ्या ताकदीची खरंच गरज होती की ती निव्वळ जाहिरात? आणि विचारणाऱ्याच्या मामेभावाला ओहायोत १९६९ची ‘पेस कार’ कमॅरो विकत मिळते आहे, ती खरी असू शकते का?

मी मूळचा पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनियर. गेली बरीच वर्षं इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात राहतो. कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्यालय इथे असल्यामुळे पुण्याहून आलेली मराठी मंडळी या गावात पुष्कळ आहेत. इंडियानापोलिसचा ट्रॅक इथून गाडीने तासाभरावर. त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, आणि उत्तर थोडं लांबणार आहे.

ताकदीची गरज होती, जाहिरातही होती. पण पेस कारच्या कामात इंजिनापेक्षा ब्रेकचा कस जास्त लागतो, आणि मसल कारच्या जमान्यात नेमकं तिकडेच दुर्लक्ष झालं, असं माझं मत आहे.

आधी पेस कारचं काम काय ते बघू. पहिली इंडियानापोलिस ५०० झाली ३० मे १९११ रोजी. ४० गाड्या, पाच-पाचच्या रांगा. एवढ्या गाड्या उभ्या जागेवरून एकदम सोडल्या असत्या तर धुरात आणि गर्दीत पहिल्या वळणाआधीच टकरा झाल्या असत्या. म्हणून ट्रॅकच्या संस्थापकांपैकी एक असलेले कार्ल फिशर स्वतः स्टॉडर्ड-डेटन गाडी घेऊन पुढे निघाले, सगळ्यांना एक फेरी रांगेत फिरवून वेगात आणलं आणि मग बाजूला झाले. धावत्या सुरुवातीची ही पद्धत तिथे रुजली. पुढे ११ रांगा, प्रत्येकीत तीन, अशा ३३ गाड्या ठरल्या.

हे काम साध्या गाडीला जड जातं. रेसिंग कारचा गियर उंच असतो, हळू चालवली की तिचं इंजिन कुरकुरतं, तापतं. टायरही गरम झालेले लागतात. तेव्हा पुढच्या गाडीने त्यांना बऱ्यापैकी वेगात ओढून नेलं पाहिजे, तोही एकसारखा वेग ठेवून. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना मात्र तिला झटकन पुढे निसटावं लागतं, कारण मागून ३३ गाड्या पूर्ण जोरात येत असतात. त्यानंतर ती पिटच्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवण्याच्या जागेच्या, रस्त्यावर शिरते आणि त्या रस्त्याच्या लांबीत तिला थांबायचं असतं. निसटण्यासाठी इंजिन आणि थांबण्यासाठी ब्रेक, दोन्ही कामं काही सेकंदांच्या अंतराने.

आता गाड्यांकडे. एक गोष्ट इथले जाणकार नेहमी सांगतात: मस्टँग आणि कमॅरो या मूळच्या ‘पोनी कार’, म्हणजे आटोपशीर आणि स्वस्तातल्या स्पोर्टी गाड्या. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत बसवलेलं मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन. तो प्रकार जिच्यापासून सुरू झाला असं मानतात ती पाँटियाक जीटीओ इंडीला (इंडियानापोलिस ५०० शर्यतीला) कधीच पेस कार नव्हती. पण मोठं इंजिन घातलेल्या कमॅरोलाही लोक मसल कारच म्हणतात, आणि मीही म्हणतो.

१९६४ साली फोर्डने मस्टँग बाजारात आणली ती १७ एप्रिलला. पहिल्याच दिवशी २२,००० ऑर्डरी आल्या. जेमतेम सहा आठवड्यांनी, ३० मे रोजी, तीच गाडी इंडीची पेस कार होती आणि चालवायला हेन्री फोर्ड यांचे नातू बेन्सन फोर्ड होते. शोरूममधली गाडी जशीच्या तशी धावली नाही. होल्मन-मूडी या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांकडून तिचं इंजिन आणि सस्पेन्शन तयार करून घेतलं होतं. फोर्डसाठी तो दिवस कौतुकाचा ठरायचा, पण दुसऱ्याच फेरीत झालेल्या भीषण अपघातात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड हे दोन ड्रायव्हर गेले. अपघातामुळे ही शर्यत मधेच थांबवण्याची ती पहिली वेळ. मस्टँगचं कौतुक वाचताना मला ही दोन नावं नेहमी आठवतात.

जाहिरातीचा हिशोब मात्र फोर्डला कळला आणि इतरांनाही. १९६६ला मर्क्युरी सायक्लोन, १९६७ला शेव्हरोलेची नवी कोरी कमॅरो, १९६८ला फोर्ड टोरिनो, १९६९ला पुन्हा कमॅरो, १९७०ला ओल्ड्समोबाइल ४-४-२. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी लाखोंच्या समोर आपली गाडी सगळ्या रेसिंग गाड्यांच्या पुढे धावते, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? पेस कार चालवायला अनेकदा कंपनीतलीच मोठी माणसं बसत. शेव्हरोलेने शहाणपण दाखवलं. १९६७ला तीन वेळा ही शर्यत जिंकलेले मॉरी रोझ आणि १९६९ला १९६०चे विजेते जिम रॅथमन यांच्या हाती गाडी दिली.

आणि आला २९ मे १९७१.

त्या सुमाराला मसल कारचे दिवस फिरले होते. विम्याचे हप्ते भरमसाठ वाढले होते, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला होता, विक्री घसरत होती. त्या वर्षी डेट्रॉइटची, म्हणजे अमेरिकेतली कुठलीच मोठी मोटार कंपनी पेस कार द्यायला पुढे आली नाही. मग इंडियानापोलिस भागातल्या डॉज विक्रेत्यांनी मिळून केशरी रंगाची, उघड्या टपाची डॉज चॅलेंजर दिली. चालवायला बसले त्यांच्यातलेच एक, एल्डन पामर. गाडीत आणखी तिघे होते: ट्रॅकचे मालक टोनी हलमन, पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन आणि टीव्ही निवेदक क्रिस शेंकेल.

हकीकत अशी सांगतात की सरावाच्या वेळी पामर यांनी पिटच्या रस्त्याकडेला एक खूण ठेवून घेतली होती. ती दिसली की ब्रेक दाबायचा, असं ठरवलेलं. शर्यतीच्या दिवशी ती खूण जागेवर नव्हती, कुणीतरी हलवली होती. रांग सोडून पामर पिटमध्ये शिरले तेव्हा वेग ताशी १०० मैलांच्या पुढे, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर होता. दीड टनाच्या वरची गाडी आणि वर चार माणसांचं वजन. खूण दिसेना, रस्ता संपत आला. मग ब्रेक करकचून दाबले, गाडी घसरत आडवी झाली आणि पिटच्या टोकाला छायाचित्रकारांसाठी उभारलेल्या मंचावर जाऊन आदळली. मंच कोसळला. वीसच्या वर लोक जखमी झाले, काहींना गंभीर दुखापत झाली, पण कुणाचा जीव गेला नाही. ग्लेन आणि हलमनही वाचले. तिकडे ट्रॅकवर शर्यत सुरू झालेली होती आणि ती चालूच राहिली. त्या दिवशी अल अन्सर जिंकले.

काही वर्षांपूर्वी आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा मी त्यांना ट्रॅक दाखवायला नेलं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आयुष्य ब्रेकच्या लायनर आणि ड्रममध्ये गेलेलं. बसमधून ट्रॅकची फेरी झाली, सुरुवातीच्या रेषेवर राखलेला विटांचा ३६ इंचांचा पट्टा त्यांनी वाकून हाताने चाचपून पाहिला. पूर्वी अख्खा ट्रॅकच विटांचा होता, ३२ लाख विटांचा, हे सांगितल्यावर त्यांनी विटेची लांबी-रुंदीही बोटांनी मापली. मग पिटच्या रस्त्याकडे बघत मी त्यांना चॅलेंजरची गोष्ट सांगितली, ३८३ क्यूबिक इंचांचं म्हणजे सहा लिटरच्या वरचं इंजिन वगैरे. त्यांनी इंजिनाबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं, “चार माणसं बसवून ब्रेकची ट्रायल घेतली होती का रे?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घाटातून भरलेली गाडी उतरवणाऱ्यांशी ज्याचा रोजचा संबंध, त्याला हाच प्रश्न आधी सुचणार. रिकाम्या गाडीचा ब्रेक वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं. त्या काळच्या मसल कारची सगळी मेहनत पुढे जाण्यावर खर्च झालेली असे. टायर अरुंद, पुढचा भाग जड, आणि मोठ्या वेगातून एकदा करकचून थांबताना गाडी सरळ राहील याची खात्री नाही. पामर यांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. हौसेने, गावाची शान म्हणून पुढे आलेल्या माणसाच्या हाती ते काम दिलं गेलं आणि थांबण्याचं सगळं गणित एका खुणेवर सोडलं गेलं. चूक व्यवस्थेची होती.

पुढच्याच वर्षी, १९७२ला, हर्स्ट-ओल्ड्स गाडीवर पुन्हा जिम रॅथमन यांना बसवलं. नंतर जेम्स गार्नरसारखे नटही आले, पण गार्नर यांना शर्यतीच्या गाड्यांचा चांगला सराव होता.

खरा बदल झाला १९७९ला. तोपर्यंत मधे अपघात होऊन पिवळा दिवा लागला की प्रत्येकाने आपापलं अंतर राखून हळू चालायचं, असा नियम होता. त्या वर्षापासून पिवळा दिवा लागला की पेस कारच ट्रॅकवर येऊ लागली आणि सगळ्या गाड्या तिच्यामागे गोळा होऊ लागल्या. म्हणजे एका फेरीच्या मानकऱ्याचं काम जाऊन पूर्ण दिवसाची ड्यूटी आली: कधीही बोलावलं तर निघायचं, तापायचं नाही, पुन्हा पुन्हा थांबायचं. त्या साली पेस कार मस्टँग होती आणि सुरुवातीला चालवायला फॉर्म्युला वनचे तीन वेळचे विश्वविजेते जॅकी स्टुअर्ट होते. हल्ली सुरुवातीला एखादी प्रसिद्ध व्यक्ती गाडी चालवते, पण शर्यतीच्या मधलं काम मुरलेल्या रेसरकडेच असतं. जॉनी रदरफर्ड यांनी ते वर्षानुवर्षं केलं, नंतर सारा फिशर यांनी.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती १९८९ची पाँटियाक ट्रान्स ॲम. आठ सिलिंडरचा हट्ट सोडून तिच्यात ब्युइकचं ३.८ लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन बसवलं होतं, आणि पेस कारच्या कामासाठी त्या इंजिनाला हात लावावा लागला नाही. शोरूममधून घेतलेली गाडी आणि बॉबी अन्सर यांनी ट्रॅकवर चालवलेली गाडी यांत दिवे आणि सुरक्षेचं सामान सोडलं तर फारसा फरक नव्हता. १९६४ला ज्यासाठी होल्मन-मूडीकडे जावं लागलं, ते पंचवीस वर्षांनी कारखान्यातूनच बाहेर येत होतं.

आता मामेभावाची कमॅरो. १९६९च्या खऱ्या पेस कारसारखी दिसणारी गाडी शेव्हरोलेने गिऱ्हाइकांसाठीही काढली होती. तिचा ऑप्शन कोड झेड-११, आणि अशा ३,६७५ गाड्या बनल्या. पांढरा रंग, केशरी पट्टे, आत केशरी-काळ्या ठिपकेदार चौकडीच्या कापडाच्या सीट, उघडणारं टप. ट्रॅकवर धावलेल्या गाडीत ३९६ क्यूबिक इंचांचं इंजिन होतं, विकलेल्या बऱ्याच गाड्यांत ३५०चं. तेव्हा ३५०चं इंजिन निघालं म्हणून गाडी खोटी असं समजू नका.

दारावरच्या ‘पेस कार’ अक्षरांवर मात्र अजिबात विसंबू नका. ती स्टिकर गाडीबरोबर सुटी मिळायची आणि हवी असतील तर विक्रेता लावून द्यायचा. कित्येक अस्सल गाड्यांवर ती कधी लागलीच नाहीत, आणि साध्या पांढऱ्या कमॅरोवर आजही कुणीही चिकटवू शकतो. भावाला सांगा, बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यावर ड्रायव्हरच्या बाजूला रिबिट मारलेली छोटी धातूची पट्टी शोध. तिच्यावर रंग आणि सीटच्या कोडबरोबर झेड-११ उठवलेलं असायला हवं. रिबिटांवर नवे ओरखडे असतील किंवा पट्टीच्या कडेला रंगाचा थर तुटलेला दिसला, तर पट्टी दुसऱ्या गाडीची असण्याचा संशय घ्या.

आणि सौदा करण्याआधी चार माणसं बसवून एकदा ब्रेकची ट्रायल घ्यायला सांगा. पट्टीचा स्पष्ट फोटो मिळाला तर इथे टाका, मी बघून सांगतो.