तिचा मोबाईल आधी परत द्या

वडूजहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीची मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा देऊन झाली, तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही. 'अभ्यास सोडून मायणी तलावाचे उपग्रहाचे फोटो बघत बसते, म्हणून मोबाईल काढून घेतला. तिला चार शब्द सांगा.'

चार शब्द तुम्हालाच सांगते. दोन्ही वर्षांचे गुण तुम्ही विषयवार लिहिलेत, मुलीला काय हवंय याची एक ओळ नाही. 'पाहुण्यांत काय तोंड दाखवू' हे मात्र दोनदा आलंय. दोन वर्षं पोर खोलीत कोंडून घेऊन बसलीय आणि जिवाला बरं वाटणारी एकच गोष्ट तुम्ही काढून घेतलीत. मला काळजी त्याची वाटते, गुणांची नाही. तिसरी नीट नको. मोबाईल आज संध्याकाळीच द्या.

'उपग्रहाचं काम म्हणजे इस्रो, तिथं आपला नंबर कुठला,' असं तुम्ही लिहिता. उपग्रह बनवणारे वेगळे, त्याची मोजमापं वापरणारे वेगळे. नासा आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचा स्वॉट हा उपग्रह डिसेंबर 2022 मध्ये गेला. तो रडारनं पाण्याच्या पृष्ठभागाची उंची मोजतो, अगदी 250 मीटर लांब-रुंद तळ्यांचीसुद्धा. ते आकडे कुणालाही फुकट मिळतात. ते वाचून तलाव कधी भरला, किती आटला हे सांगणारी माणसं पाटबंधाऱ्यापासून पक्षी-अभ्यासापर्यंत लागतात.

वाट सरळ आहे: भूगोलात बीएस्सी, मग जिओइन्फर्मॅटिक्स, म्हणजे नकाशे आणि उपग्रहाची माहिती संगणकावर वाचायचं शास्त्र. देहरादूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे इस्रोच्याच दूरसंवेदन शिकवणाऱ्या संस्थेचे, ऑनलाइन कोर्स आत्ताही करता येतील. तिनं अकरावीला गणित सोडलंय, ते मात्र भरून काढावंच लागेल.

आता तिच्यासाठी. बाळ, फोटोत दिसतो तो पाण्याचा पसारा, पातळी नव्हे. सपाट काठावर वीतभर पाणी चढलं तरी पसारा केवढा वाढतो, उभ्या काठावर काहीच कळत नाही. पावसाळ्यात तर फोटोत नुसते ढग येतात. रडार ढगांतून आरपार जातं, पण तेही खोली सांगत नाही, वरची पातळीच सांगतं. म्हणून तलावावर जाऊन पडताळा घ्यावा लागतो. स्वॉटच्या वाटा दर 21 दिवसांनी पुन्हा त्याच येतात, तेवढे दिवस नेमानं पाणी मोज आणि मग ताडून बघ.

आणि तुम्ही, येत्या रविवारी तिला गाडीवरून मायणीला न्या. पाटबंधाऱ्याच्या माणसाला विचारून पातळीची पट्टी कुठं आहे ते बघा. आकडा तिला वाचू द्या, वहीत तुम्ही लिहा.