तुरुंग कंपनीला चालवायला द्यावेत का?

प्रश्न : कळंबा जेलमध्ये जागेपेक्षा कैदी जास्त. अमेरिकेसारखं खासगी कंपनीला का देत नाहीत? खर्च तरी वाचेल. – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, वकिली करताना कळंब्याच्या फाटकाबाहेर मुलाखतीसाठी ताटकळणाऱ्या आयाबाया मी पाहिल्यात. तुमची काळजी पटते, उपाय मुळीच पटत नाही. ॲरिझोनात काही करारांत सरकारने १०० टक्के खाटांच्या पैशांची हमी दिली होती. म्हणजे खाट रिकामी राहिली तरी बिल चालू! मग कैदी सुधारून घरी जावा असं कंपनीला कशाला वाटेल? पेनसिल्व्हेनियात तर खासगी बालबंदीगृहवाल्यांकडून पैसे घेऊन किरकोळ खोड्यांसाठी पोरांना आत धाडणाऱ्या न्यायाधीशाला २०११ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये खासगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला.

आपल्याकडे चारातले जवळपास तीन कैदी कच्चे, खटला न संपलेले. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी कितीतरी जण आतच राहतात. त्यांना कंपनी नको. तारखेला कोर्टात नेणारे पोलीस हवेत आणि वकील हवा. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. ओळखीचं कुणी आत असेल तर कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात आधी अर्ज द्या.