जिवाणूच्या पेशीत डोकावण्यापूर्वी

जिवाणूची पेशी म्हणजे विकरांची साधी पिशवी, ही समजूत मोडायला वेळ लागला. १९९१ मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या विभाजनस्थानी, म्हणजे पेशी जिथे दुभंगते तिथे, एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे दिसले, तर १९९३ मध्ये जीवशास्त्रज्ञ लूसी शपायरो यांच्या प्रयोगशाळेने रसायन ओळखणारी प्रथिने पेशीच्या टोकांशी एकवटलेली असल्याचे दाखवले. तुम्ही याच विषयात पीएचडी करणार असाल, तर पहिला महिना सुंदर चित्रांच्या मागे न लागता नियंत्रण प्रयोगांना, म्हणजे दिसते ते खरे की पद्धतीचा परिणाम हे तपासणाऱ्या प्रयोगांना, द्यावा, असे मी सुचवेन.

कारण सांगतो. एमआरईबी हे पेशीला आकार देणारे प्रथिन; ते दिसावे म्हणून त्याला पिवळे चमकणारे प्रथिन जोडले की ते पेशीत मळसूत्रासारखे दिसे. मात्र २०१२ मध्ये ई. कोलायच्या मूळ, काहीही न जोडलेल्या पेशी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या, तेव्हा ते मळसूत्र आढळले नाही आणि तो जोडणीचाच परिणाम ठरला. म्हणून चमकणारे शेपूट जोडलेला वाण मूळ वाणाच्याच वेगाने वाढतो का, हे आधी तपासावे. पेशीची रुंदी जेमतेम एक मायक्रोमीटर आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, त्यामुळे ठिपका दिसला म्हणजे रचना सापडली असे होत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ज्यावर ठेवतात ती अ‍ॅगरोजची (जेलीसारख्या पदार्थाची) चकती फार ओली राहिली तर पेशी तरंगत सरकतात. या क्षुल्लक गोष्टीपायी माझे कित्येक दिवस वाया गेले आहेत.