वस्तऱ्याच्या पात्यावर कंपनीचं नाव कसं उमटवतात?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या जर्मन वस्तऱ्यावर खिळ्याजवळच्या जाड भागात नाव खोल उमटलंय, आणि पात्यावरची सोनेरी अक्षरं मात्र पुसट होत चालली आहेत. ही दोन वेगळी कामं आहेत. एक पोलादाला पाणी देण्याआधीचं (म्हणजे तापवून बुडवून कडक करण्याआधीचं), दुसरं नंतरचं.

त्या जाड भागाला टँग म्हणतात. पातं घडवून झालं की पाणी देईपर्यंत पोलाद मऊ असतं. तेवढ्यात उलट्या अक्षरांचा कडक ठसा टँगवर ठेवून हातोड्याने किंवा प्रेसने ठोकतात. ठशाच्या कडेने वर आलेला धातू पुढे घासून सपाट करतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांवर वाकडी, अर्धवट बसलेली नावं दिसतात, ती असं हाताने ठोकल्यामुळे. मला ती आवडतात. पाणी दिल्यावर ठोकायला गेलात तर ठसा तरी बोथट होईल, नाहीतर टँग तडकेल.

या खुणांना कायद्याचं वजन होतं. शेफील्डमध्ये १६२४ साली कायद्याने स्थापन झालेली कटलर लोकांची, म्हणजे चाकू-सुऱ्या करणाऱ्यांची, कंपनी खुणांची नोंद ठेवायची. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराच्या कारागीर संघाकडे हेंकेल्स या चाकू-सुऱ्यांच्या कंपनीची जुळ्यांची खूण १७३१ साली नोंदवली गेली.

पात्यावरची नक्षी ठोकून काढता येत नाही, कारण दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातं फार पातळ असतं. तिथे आम्ल वापरायचे. नक्षी धातूच्या प्लेटवर कोरायची, कोरलेल्या रेघांत मेण-डांबराची शाई भरायची, ती पातळ कागदावर उठवायची आणि कागद पात्यावर दाबून बसवायचा. कागद ओला करून काढला की शाई पात्यावर राहते. बाकीच्या पात्याला वॉर्निश फासायचं आणि मग आम्ल लावायचं. उघड्या जागा खरवडल्यासारख्या मंद होतात, शाईखालचं पोलाद चकचकीत राहतं. सोनेरी हवं असेल तर त्यावर विजेने सोन्याचा मुलामा चढवायचे. तो इतका पातळ असतो की चामड्याच्या पट्ट्यावर परजून परजूनच झिजतो. आम्लाने खाल्लेल्या खोलगट जागी तेवढा टिकून राहतो, म्हणून तुमची अक्षरं पुसट असली तरी अजून वाचता येतात.

वय काढायचं असेल तर टँग बघा. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. ब्रिटनने १८८७ मध्येच परदेशी मालावरच्या फसव्या छापांविरुद्ध कायदा केला होता. त्यामुळे ‘जर्मनी’ असं लिहिलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. देशाचं नाव नसेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, घासूनही गेलेलं असू शकतं. ‘झोलिंगेन’ हे नाव १९३८ पासून जर्मन कायद्याने संरक्षित आहे, पण त्याआधीही ते छापलं जायचंच.

आता बरेच जण लेझर वापरतात. हाताने वस्तरे करणारे कारागीर स्टेन्सिल, मिठाच्या पाण्यात भिजवलेला बोळा आणि कमी व्होल्टचा वीजप्रवाह एवढ्यावर काम भागवतात.

त्या सोनेरी अक्षरांना ब्रासोसारखं पॉलिश लावू नका, हाताच्या एका फेऱ्यात सोनं निघून जाईल. मऊ फडक्याने पुसा आणि तेलाचा हात द्या. गंज काढायचा असेल तर टँग सँडपेपरने घासू नका. नावाची खोली गेली की परत आणता येत नाही.